स्त्री कामगारांची संख्या नगण्य

माझी पहिली नोकरी मला अक्षरामुळं मिळाली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा कोल्हापुरात आमच्या विषयाच्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींची लग्नं निकालाआधीच ठरली होती. माझं ठरलं नव्हतं. वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. ते म्हणाले, "स्थळ येईपर्यंत काहीतरी कर." आमच्याच कॉलेजातल्या एका सरांना फाउंड्री कामगारांच्या फुप्फुसांची पाहणी करायची होती आणि त्यासाठी साहाय्यक हवा होता. मुलाखतीत त्यांनी मला एक उतारा लिहायला सांगितला, कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "बायकांचं अक्षर नीट असतं. तक्ते चुकत नाहीत."

मला त्यात काही लागलं नाही. घरी येऊन मी हे कौतुक म्हणूनच सांगितलं. आईनं पेढे आणले.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पंचगंगेच्या पुलापलीकडं शिरोलीला एकामागून एक फाउंड्र्या उभ्या राहत होत्या. आम्ही पाहणीसाठी घेतलेली फाउंड्री त्यातली मोठी होती. यंत्र जड असल्यामुळं मालकांची जीप आम्हाला न्यायला यायची. सर पुढं बसायचे, मी मागं, मांडीवर यंत्राची नळी सांभाळत. श्वास मोजायचं ते यंत्र म्हणजे पाण्यावर तरंगणारा पत्र्याचा डबा होता. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून हवा घ्यायची आणि नळीतून एका दमात सोडायची. डबा वर जायचा आणि फिरत्या कागदावर रेघ उमटायची. रेघ किती उंच गेली, किती वेळात गेली, ते मी प्रत्येकाच्या कार्डावर लिहायचे.

फाउंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. निवलं की साचा फोडतात आणि तीच वाळू चाळून पुन्हा वापरतात. साचे पुरुष करायचे, लोखंड पुरुष ओतायचे. फोडलेल्या साच्यांची वाळू पाट्यांनी वाहायला आणि चाळायला बायका होत्या. मागच्या शेडमध्ये दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून मोठी चाळण हलवायच्या. शेडच्या तोंडाशी उभं राहिलं तर त्या आधी दिसायच्याच नाहीत, नुसता राखाडी धुरळा दिसायचा आणि त्यातून बांगड्यांचा आवाज यायचा.

पहिले आठ दिवस मी फक्त पुरुष मोजले. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चारपाच बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पुढं होती ती पस्तिशीची असावी. पदर नाकाभोवती गुंडाळलेला, भुवया वाळूनं पांढऱ्या झालेल्या. तिनं पदर खाली केला आणि विचारलं, "काय वं बाई, आमास्नी न्हाय का फुंकायचं?"

"तुमचं नाव यादीत नाही," मी म्हणाले.

"यादीत नसंना. छाती हाय की."

मागच्या हसल्या. सर तेव्हा मालकांच्या केबिनमध्ये जेवत होते. मी तिला नळी दिली. "फुंकणी रोजचीच हाय की आमची," म्हणत तिनं जोरात फुंकलं आणि मध्येच खोकत खाली बसली. रेघ निम्म्यावरही गेली नव्हती. मला वाटलं, तिला जमलं नाही. मी तीन वेळा करायला लावलं. तिन्ही वेळा रेघ तिथंच थांबली.

त्या दिवसापासून रोज सुट्टीत मी बायकांना मोजायला लागले. बायकांसाठी वेगळा तक्ता नव्हता म्हणून पुरुषांच्याच कार्डावर वर कोपऱ्यात 'स्त्री' लिहायचे. छापील प्रश्न त्यांना बसायचे नाहीत. 'किती वर्षे नोकरी?' विचारलं की एखादी म्हणायची, "थोरलीचं जावळ काढलं न्हवं, त्या सालापासनं." मग थोरलीचं वय विचारून मी वर्षं काढायचे. 'विडी ओढता का?' विचारलं की सगळ्या एकमेकींच्या पाठीत गुद्दे घालायच्या.

पहिल्यांदा फुंकलेली ती बाई शिरोलीजवळच्या नागावची होती. नवरा दुसऱ्यांच्या रानात कामाला जायचा. तिला अक्षरओळख नव्हती, पण त्या शेडबद्दल तिला जे माहीत होतं ते आमच्या पाहणीच्या आराखड्यात कुठंच नव्हतं. एकदा तिनं मला दोन मुठी वाळू दाखवली. "ही ताजी. ही खाली बसती. आन् ही जळकी, चारचारदा लोखंड प्यालेली. ही बसत न्हाय, उडती. छातीत हीच जाती. तुमी पुरुषांस्नी मोजताय ते साच्यापाशी ताज्या वाळूत असत्यात. जळकी सगळी आमच्याकडं." सोमवारी श्वास हलका असतो आणि शनिवारी जड होतो, हेही तिनंच सांगितलं. मग मी कार्डावर वारही लिहायला लागले. वाळूवर पाणी मारलं तर धुरळा कमी उडतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण ओल्या वाळूनं माल बिघडतो म्हणून मुकादम मारू द्यायचा नाही.

एक दिवस ती म्हणाली, "माझ्या आदी तिघी हुत्या या चाळणीवर. एक बी जित्ती न्हाय. म्या सांगतो, लिवून घ्या." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. तिनं तिघींची नावं, गावं, कोण किती खोकली आणि शेवटी काय झालं, सगळं सांगितलं. मी ते एका वेगळ्या वहीत उतरवलं. त्या वहीवर मी 'निरीक्षणे' असं लिहिलं होतं.

दोन महिन्यांनी मी बायकांची कार्डं सरांच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, ते खूश होतील. सर वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं. मला कधी तोडून बोलले नाहीत, मी आजारी पडले तेव्हा पत्नीकडून भाताची पेज पाठवली. त्यांनी एकेक कार्ड सावकाश वाचलं.

"याच्याशी तुलना कशाची करणार?" ते म्हणाले. "निरोगी बाईचा श्वास किती असावा, त्याचा आपल्याकडं तक्ताच नाही. आहेत ते पुरुषांचे."

"पण सर, या एवढ्या कमी आहेत की..."

"आणि चूल? जन्मभर चुलीचा धूर खाल्लेल्या बायका या. खोकला वाळूचा की धुराचा, कसं ठरवणार?"

"विडी ओढणारे पुरुष आपण घेतलेत की सर."

"विडीचा रकाना आहे. चुलीचा नाही."

"मग चुलीचा करू. मी करते."

सर हसले. "करा बघू."

त्यांना वाटलं होतं, मी थकून सोडून देईन. मी पुढचे चार महिने दर रविवारी बसनं नागावला गेले. फाउंड्रीत कधीच न गेलेल्या, पण त्याच चुलीवर, त्याच सरपणावर स्वयंपाक करणाऱ्या बायका मला हव्या होत्या. यंत्र रविवारी कॉलेजातून बाहेर काढायची परवानगी मी शिपायाच्या हातापाया पडून मिळवली होती. ते जड धूड बसच्या टपावर चढवून न्यायचे आणि गावात आम्ही दोघी ते हातगाडीवरून फिरवायचो. घरोघरी ती मला घेऊन जायची. "फुंका गं, बाई लांबनं आल्यात," म्हणायची. सासवा दारात आडव्या यायच्या, "आमच्या सुनंला काय रोग हाय व्हय?" म्हणून विचारायच्या. त्यांना ती गप्प करायची. आठवड्याची तिची एकच सुट्टी असायची आणि ती माझ्याबरोबर उन्हात फिरायची. मधूनच एखाद्या कट्ट्यावर बसायची, छातीवर हात ठेवून. "चला पुढं, आलोच," म्हणायची.

चुलीवरच्या बायकांचा श्वास थोडा कमी होता. चाळणीवरच्यांचा फारच कमी होता. वडिलांनी माझी गणितं तपासून दिली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "यात चूक नाही." वडिलांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल ऐकलेलं एवढं एकच वाक्य.

सरांनीही ते मान्य केलं. "काम चोख आहे," ते म्हणाले. मग उठून त्यांनी दार लोटलं. "पण मालक म्हणतात, आमच्याकडं बायका कामालाच नाहीत. त्या मुकादमानं रोजावर आणलेल्या. हजेरीपटावर एकही बाई नाही. आपण छापलं तर ते म्हणतील, या बायका आणल्या कुठून? सगळी पाहणीच खोटी ठरेल. पुढं कुठलीही फाउंड्री आपल्याला आत घेणार नाही. पुरुषांचं तरी होऊ दे."

"पण त्या आहेत ना सर. तुम्ही पाहिल्यात."

"मी पाहणं म्हणजे पुरावा नव्हे." आणि थोडं थांबून, अगदी आपुलकीनं, "बाई, तुम्हाला त्यांचा जिव्हाळा लागलाय. जिव्हाळा आला की मोजमाप तिरकं होतं. शास्त्रज्ञानं तटस्थ राहावं."

याचं उत्तर मला सुचलं ते कितीतरी वर्षांनी, भांडी घासताना. आम्ही रोज मालकांच्या जीपमधून जायचो, सर मालकांच्या ताटात जेवायचे, आणि हजेरीपट मालकांनी दिला तो आम्ही खरा धरला. त्याला कुणी जिव्हाळा म्हटलं नव्हतं. मी एका बाईबरोबर रविवारी चालले, तेवढ्यानं माझी मोजमापं तिरकी झाली. पण तेव्हा मी चोविसाव्या वर्षात होते, सर माझे गुरू होते, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, त्यांचंच बरोबर असेल. विज्ञानात भावना नको, हे मीही परीक्षेत लिहून आले होते.

"त्या अपुऱ्या नोंदी वेगळ्या करा," सर म्हणाले. मीच केल्या. गठ्ठ्याला सुतळी बांधून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. अहवालाची पक्की प्रत काढायचं कामही माझंच होतं. तिसऱ्या पानावर सरांनी एक ओळ घातली होती: 'स्त्री कामगारांची संख्या नगण्य असल्याने त्यांचा विचार केलेला नाही.' ती ओळ मी लिहिली. अक्षर कुठंही हललेलं नाही. अहवालाच्या शेवटी आभारात माझा उल्लेख होता, लेखनसाहाय्याबद्दल.

अहवालाचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. हजेरीपटावरच्या पुरुषांना एक्स-रेला बोलावणं आलं. दोघातिघांना चाळणीजवळच्या जागेवरून हलवलं. त्या जागी मुकादमानं आणखी बायका लावल्या.

तिनं मला फाटकापाशी गाठलं. "पुरुषांस्नी फोटू काढाया न्हेलं. आमचं काय निगालं?"

"अजून चाललंय," मी म्हणाले.

"चांगलं का वाईट, एवढं तरी सांगा की."

"अजून हिशेब व्हायचाय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ती अडाणी होती, पण खोटं तिला पटकन कळायचं. "बरं," म्हणाली आणि शेडकडं गेली. तेव्हा तिला शेडपर्यंत जायला मध्ये एकदा थांबावं लागत होतं.

पुढच्या आठवड्यात मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली. मी म्हणाले, ही इतकी वर्षं फाउंड्रीत वाळू चाळते, माझ्याकडं मोजमापं आहेत. त्यांनी विचारलं, "कामाचा दाखला आहे?" नव्हता. "छापून आलंय कुठं?" नव्हतं. "मग काय लिहू? चूल, अशक्तपणा, क्षय असावा." त्यांनी क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, थुंकी तपासायला पायजे हुती न्हवं? माझ्या भावाची तपासली हुती." तिचं बरोबर होतं. मी परत आत गेले. डॉक्टर जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी येऊ म्हणालो, पण दुसऱ्या दिवशी तिचं काम होतं, मग परवाही होतं.

मुकादमाला दवाखान्याचं कळलं. "बाया डागदराकडं जाऊन बोभाटा करत्यात," म्हणून त्यानं तिला काढून टाकलं. मी सरांना सांगितलं, तुम्ही मालकांशी एक शब्द बोला. सर म्हणाले, "आपण पाहणी करणारे. मध्ये पडणं आपलं काम नव्हे." मग मी एकटी मुकादमाकडं गेले. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "पावणं," तो माझ्यामागं उभ्या असलेल्या मालकांच्या जीपच्या ड्रायव्हरला म्हणाला, "या बाईंस्नी पुलापातुर सोडा."

गोळ्यांनी तिला गुण आला नाही. येणारही नव्हता. तिच्या छातीत वाळू होती. पुढच्या उन्हाळ्यात मी नागावला गेले तेव्हा ती दाराशी पोत्यावर बसून श्वास घेत होती. दुसरं काही करायला तिला उसंतच नव्हती. एकेक शब्द ती मोजून बोलायची. तिला मी शेवटी खरं सांगितलं. तुमची कार्डं अहवालात घेतली नाहीत, म्हणाले.

तिनं पोत्यावर दोन्ही हात टेकून श्वास भरून घेतला. मग म्हणाली, "का?"

मी सांगायला लागले. तक्ता नाही, हजेरीपट नाही, चुलीचा धूर. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"तुमी... काडली का त्येनी?"

"मीच बाजूला ठेवली."

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं थोरल्या मुलीला हाक मारली आणि मला पाणी द्यायला सांगितलं.

ती त्या पावसाळ्यात गेली. मला कळलं तोवर महिना झाला होता. ग्रामपंचायतीच्या नोंदीत क्षय लिहिलं होतं. तिच्या आधीच्या तिघींच्या पुढं माझ्या वहीत मी चौथं नाव लिहिलं आणि वही मिटून ठेवली.

त्यानंतर मी एकदाच प्रयत्न केला. माझ्या नावानं एक लेख लिहिला, चाळणीवरच्या आणि चुलीवरच्या बायकांच्या मोजमापांचा, जळक्या वाळूच्या तिच्या माहितीसह, आणि एका मासिकाला पाठवला. परत आला. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की नोंदी थोड्या आहेत, संस्थेची संमती नाही आणि कामगार स्त्रियांच्या तोंडची माहिती पुरावा म्हणून धरता येत नाही. सरांना ते कळलं. त्यांना वाईट वाटलं. "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाले. पण पाहणीच्या पुढच्या टप्प्यात त्यांनी दुसरा साहाय्यक घेतला आणि मला कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायला लावलं. बेडूक उघडून दाखवायचे, आकृत्या तपासायच्या, वह्यांवर सही करायची. त्या नोकरीत मी कायम झाले. लग्नही झालं. संशोधनासाठी नाव नोंदवायचं राहून गेलं, म्हणजे मी ते नोंदवलं नाही.

ऐंशीच्या दशकात कॉलेजात 'स्त्रिया आणि विज्ञान' असा एक परिसंवाद झाला. विज्ञानात मुली कमी का येतात, यावर दिवसभर बोलणी झाली. चर्चेत मी उठले आणि म्हणाले, मुली आल्या तरी काय होतं ते मला सांगायचंय. मी आले होते, आणि बायकांची नोंद मीच काढून टाकली. कुणाच्या नोंदीला माहिती म्हणायचं आणि कुणाच्या खोकल्याला गोंगाट, हे कोण ठरवतं? अध्यक्ष, परगावचे एक प्राध्यापक, नम्रपणे म्हणाले, "बाईंचा अनुभव हृद्य आहे. पण हा विषय समाजशास्त्राचा. आज आपण विज्ञानाबद्दल बोलतोय." मग चहा झाला. एक तरुण प्राध्यापिका माझ्याजवळ आली, हात हातात घेतला, काहीतरी बोलणार होती. तिला कुणीतरी हाक मारली.

त्याच सुमारास विभाग नव्या इमारतीत गेला. जुनी कपाटं रिकामी करून कागद रद्दीत घातले. मी त्या दिवशी तिथंच होते. खालच्या कप्प्यातला गठ्ठा ओळखीचा होता. मी तो उचलून घरी नेऊ शकले असते. कॉलेजचे कागद घरी नेऊ नयेत, असं मला शिकवलेलं होतं. मी परीक्षेच्या देखरेखीला वर्गात गेले आणि परत आले तेव्हा खोली झाडून झाली होती.

दोनएक वर्षांनी तिची थोरली माझ्या घरी आली. पत्ता तिनं कॉलेजात विचारला होता. तिचं कपाळ आणि भुवया अगदी आईसारख्या. ती दुसऱ्या एका फाउंड्रीत चाळणीवर होती. कामगारांची कुणी संघटना आली होती, छातीच्या रोगाचा दावा लावत होती. ज्यांच्या घरात आधी कुणी गेलंय त्यांनी कागद आणावा, असं सांगितलं होतं.

"आईनं तुमच्या नळीत फुंकलं हुतं न्हवं," ती म्हणाली. "ते कुटं लिवल्यालं असंल तर द्या की. म्हंजी तिचं बी आन् माझं बी काम हुईल."

मी माळ्यावरून माझी ती वही काढली आणि तिला दिली. तिनं ती संघटनेच्या माणसाला दाखवली. आठवड्यानं परत घेऊन आली. "ह्येच्यावर शिक्का न्हाय, म्हणत्यात," म्हणाली. "अहवाल पायजे. अहवालात न्हाय का हो तिचं नाव?"

"नाही."

"एक बी बाईचं न्हाय?"

"नाही."

ती उंबऱ्यावर बसली होती. मी आत ये म्हणाले, ती नको म्हणाली, पायाला वाळू आहे म्हणून. चहा मात्र घेतला. कप धुऊन ठेवू का, असं विचारलं. मी नको म्हणाले. मग तिनं शिरोलीची बस कितीला आहे ते विचारलं, आणि मी सांगितलं.